निम्फ म्हणजे जलपरी नव्हे, पिल्लू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ट्राउट माशाच्या फ्लाय-फिशिंगवरचा, म्हणजे गळावर पिसं-लव बांधून केलेल्या नकली कीटकाने मासे धरण्यावरचा, लेख वाचला. या विषयावर मराठीत कुणी पानभर लिहिलंय याचाच इतका आनंद झाला, की पहिल्यांदा घाईघाईनेच वाचून काढला. दुसऱ्यांदा सावकाश वाचताना मात्र काही ठिकाणी अडले. मी गेली चौदा वर्षं निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या कीटकासारखे दिसणारे गळ, बांधते आहे, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवेना.

आधी शब्दाचं. लेखात ‘निम्फ’चं भाषांतर ‘जलपरी’ केलं आहे. शब्दकोशात तो अर्थ मिळतो, पण इथे तो लागू नाही. कीटकाच्या या अवस्थेला मराठीत रोजच्या वापरातला शब्द आहे, पिल्लू. ‘तुडतुड्यांची पिल्ले व प्रौढ पानांतील रस शोषतात’ असं वाक्य शेतीच्या पानावर नेहमी वाचायला मिळतं. तेच हे पिल्लू, फक्त पाण्यातलं. मेफ्लाय या उडणाऱ्या कीटकाची पिल्लं नदीच्या तळाशी महिनोन्‌महिने वाढतात, स्टोनफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या मोठ्या जातींची तर दोन-तीन वर्षंसुद्धा. पंख फुटून वर आलेली मेफ्लाय काही खात नाही, आणि जगते पुष्कळदा एखादाच दिवस. म्हणजे ट्राउटला वर्षभर जे खायला मिळतं ते बहुतेक पाण्याखालीच. लेखात मात्र सगळा भर पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायवर आहे आणि निम्फला ‘दुय्यम प्रकार’ म्हणून दोन ओळीत निकालात काढलं आहे. हा वाद इंग्लंडमध्ये फार जुना आहे. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने निम्फची बाजू आयुष्यभर लढवली. 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर चर्चा झाली, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. आज निम्फला दुय्यम म्हणणारे फारसे कुणी उरलेले नाहीत.

पण मला जास्त खटकला तो नवशिक्यांना दिलेला सल्ला. ‘भरपूर पिसं आणि लोकर गुंडाळावी, म्हणजे माशाला लांबून दिसते’ असं लेखात आहे. हा सल्ला मानून कुणी बांधायला बसलं तर पहिलं वर्ष वाया जाईल. माझं गेलं आहे. सशाच्या कानाजवळची लव मेण लावलेल्या दोऱ्यावर पिळून मी गुबगुबीत निम्फ बांधत असे. व्हाइसमध्ये, म्हणजे बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या चिमट्यात, त्या फार सुंदर दिसत. पाण्यात टाकल्या की लवेत हवा अडकून राही. निम्फ तळाकडे जायची ती मधेच रेंगाळायची, आणि प्रवाह तिला माशाच्या डोक्यावरून घेऊन जायचा. मासे तळाशी खाताहेत हे डोळ्यांनी दिसत होतं, तरी दिवसच्या दिवस एकाने तोंड लावलं नाही.

मग एका संध्याकाळी त्यातलीच एक 14 नंबरच्या गळावरची निम्फ एका ट्राउटने घेतली. त्याच्या बारीक दातांनी अर्धी लव ओरबाडून निघाली, शेपटीचा एकच तंतू उरला, वर दोऱ्याचं टोक लोंबत होतं. बदलायला दुसरी काढावी एवढा उजेड नव्हता म्हणून तीच पुन्हा टाकली. त्यानंतर अंधार पडेपर्यंत तिच्यावर आणखी तीन मासे आले. ती निम्फ अजून माझ्या टेबलावरच्या काचेच्या बाटलीत आहे. नवीन बांधायला बसले की आधी तिच्याकडे बघते आणि हातातली लव निम्मी करते.

नवशिक्यांना मी सांगेन की व्हाइससमोर बसण्याआधी नदीत घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून तळहाताएवढा एक दगड उचला आणि उलटा करा. ओल्या दगडाला चिकटून चपटी, तपकिरी पिल्लं पळताना दिसतील. तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे हलणारे कल्ले असतील तर ती बहुधा मेफ्लायची. दोनच शेपट्या आणि अंग दणकट असेल तर स्टोनफ्लायची. वाळूचे कण रेशमाने जोडून केलेली नळी दिसली तर आत कॅडिस या पतंगासारख्या कीटकाची अळी आहे. (कॅडिस अळी आणि कोष या अवस्थांतून जाते, म्हणून शास्त्राप्रमाणे ती निम्फ नव्हे, पण बांधणारे तिला याच डब्यात ठेवतात.) एखादं पिल्लू पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात सोडा. ते किती लहान आणि किती सडपातळ आहे ते बघून बहुतेकांना धक्का बसतो. खांद्यावर पंखांच्या घड्या असतात; बाहेर पडायची वेळ जवळ आली की त्या काळपट होतात. निम्फच्या पाठीवर आपण गडद रंगाची घडी बांधतो ती यासाठी. पाहून झालं की दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवावा, कारण त्याच्याखाली घर असतं.

बांधायला सुरुवात करायची तर फ्रँक सॉयर यांच्या ‘फेझंट टेल’ या निम्फसारखी दुसरी नाही. सॉयर हे इंग्लंडमधल्या विल्टशरच्या एव्हन नदीचे राखणदार. त्यांनी दोराच वापरला नाही. सगळं मिळून दोन वस्तू लागतात: नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीतल्या पिसाचे तांबूस तंतू आणि केसाइतकी बारीक तांब्याची तार. गळ 14 किंवा 16 नंबरचा घ्यावा. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. आधी तारेचा एक थर देऊन छातीच्या जागी छोटासा उंचवटा करायचा. मग चार तंतू टोकांकडून बांधायचे, टोकं तीनेक मिलिमीटर मागे राहू द्यायची, तीच शेपटी. त्यानंतर तंतू तारेभोवती पिळून एकत्रच पुढे गुंडाळत न्यायचे. पीळ दिल्याने माशाचे दात लागले तरी तंतू लगेच तुटत नाहीत, आणि फटीतून तांबं किंचित चमकतं. छातीवर तंतू पुढे-मागे दुमडून पंखांची घडी करायची आणि तारेने संपवायचं. पाय नाहीत, कारण पोहताना ही पिल्लं पाय अंगाशी घेतात हे सॉयर यांनी नदीत पाहिलं होतं. शेवटी हात आवरत नाही आणि नेढ्यापर्यंत माल भरला जातो, मग दोरी ओवायला जागाच राहत नाही. म्हणून पहिल्या वेढ्यापासूनच नेढ्यामागे दोन मिलिमीटर मोकळे सोडावेत. सॉयर यांचे शेजारी ऑलिव्हर काइट याहीपुढे गेले. उघड्या गळावर फक्त छातीच्या जागी तांब्याची तार गुंडाळून, बाकी काहीही न बांधता त्यांनी ट्राउट धरले.

निम्फ तयार झाली की तिची परीक्षा व्हाइसमध्ये करू नये. पाणी भरलेल्या पेल्यात टाकावी. कोरडी असताना फुललेली लव भिजून कशी अंगाला बसते, निम्फ सरळ बुडते की लटकत राहते, हे तिथेच कळतं.

वजनाबद्दल लेखात शिशाची तार सुचवली आहे, ती कृपा करून कुणी वापरू नये. तळाशी तुटून राहिलेलं शिसं पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. हंस याच कारणाने मरू लागले, म्हणून इंग्लंडमध्ये 1987 साली मासेमारीच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. टंगस्टनचा मणी शिशाहून कितीतरी जड असतो, घनता पाण्याच्या 19.3 पट, शिशाची 11.3 पट. त्यामुळे मणी लहान घेतला तरी निम्फ झपकन तळ गाठते आणि अंगही बारीक राहतं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे मासा इजा न होता सोडता येतो. हे दोन मुद्दे लेखात यायलाच हवे होते.

शेवटी चित्राबद्दल. ‘निम्फ’ म्हणून छापलेल्या छायाचित्रात नेढ्यामागे कोंबड्याच्या पिसाची ताठ, गोल झालर स्पष्ट दिसते. ती तरंगत ठेवण्यासाठी असते. ती ड्राय फ्लाय आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी ही विनंती. योग्य छायाचित्र हवं असेल तर मी बांधलेल्या चार निम्फ, आणि बाटलीतली ती ओरबाडलेली, फोटो काढायला पाठवते. बाटलीतली तेवढी मला परत हवी.

आपली,
एक नियमित वाचक