रेकॉर्ड नष्ट, फोटो रंगीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर ‘मोबाइलचोर झाला मेकॅनिक’ या मथळ्याखाली मुलांच्या एका संस्थेच्या रविवारच्या मदतनिधी कार्यक्रमाची बातमी वाचली. तीन कॉलमी रंगीत फोटो, मुलाचं नाव, आडनाव, आयटीआयमधला ट्रेड, संध्याकाळी कुठल्या भागातल्या गॅरेजवर काम शिकतो तेसुद्धा. आधार क्रमांक तेवढा राहिला. त्याच बातमीत प्रमुख पाहुण्यांचं आडनाव चुकलं होतं. त्याची दुरुस्ती आजच्या अंकात पहिल्या पानावर चौकट टाकून आली आहे, दिलगिरीसकट. तत्परतेबद्दल अभिनंदन.

मी स्वतः त्या कार्यक्रमाला होते. पाचशेच्या दोन देणगी प्रवेशिका घेतल्या होत्या, त्यामुळे ‘घरात बसून टीका करणारे’ या सदरात मला टाकू नये. जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद छान होता. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, स्मरणिकेचं प्रकाशन, दाराएवढा चेक, सगळं रीतसर पार पडलं. मध्यंतराच्या आधी मात्र निवेदिकाबाईंनी संस्थेतल्या तीन मुलांना रंगमंचावर बोलावलं. इस्त्रीचे पांढरे शर्ट, सगळ्यांना एकाच मापाचे. त्यातल्या एकाच्या खांद्यावर हात ठेवून बाई लाडिक आवाजात म्हणाल्या, “सांग ना बाळा, आधी तू काय करायचास?” मुलगा गप्प. बाईंनी माइक आणखी जवळ नेला. “घाबरू नकोस, सगळी आपलीच माणसं आहेत.” तो खाली बघून एवढंच म्हणाला, “मोबाइल.” टाळ्यांचा कडकडाट झाला. पाठोपाठ वाद्यवृंदाने एक नाचरं गाणं सुरू केलं आणि मुलं विंगेत निघून गेली. तुमचे छायाचित्रकार पहिल्या रांगेसमोर उकिडवे बसून होते. फोटो अगदी त्या ‘मोबाइल’च्या क्षणाचा आहे.

या मुलाला मी ओळखते. माझी स्कूटर त्याच गॅरेजवर जाते. गाडी परत देताना न सांगता सीट पुसून देणारा, आणि त्यासाठी ऑइलचं फडकं न वापरता खिशातून वेगळं, धुतलेलं फडकं काढणारा दुसरा पोरगा मी तरी पाहिलेला नाही. तो पूर्वी काय करायचा हे मला रविवारपर्यंत ठाऊक नव्हतं. मालकाला होतं. त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. त्याला बहुधा पत्रकारिता येत नसावी.

आज सकाळी गॅरेजवर गेले तर पोरगा नव्हता. मालक म्हणाला, “मॅडम, मी काढला नाही त्याला. चार दिवस येऊ नको म्हटलं फक्त. कालपासून गिऱ्हाईक पेपर हातात घेऊन येतंय.” एकाने म्हणे काउंटरवर चार्जिंगला लावलेला फोन उपसून खिशात घातला आणि विचारलं, “तो आहे का आत?” दुसऱ्याची गाडी खोलून ठेवली होती, ती तो तशीच टेम्पोत घालून घेऊन गेला. गॅरेज कुठलं ते मी लिहीत नाही. तुम्ही लिहिलंत तेवढं पुरे आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ आपल्या कार्यालयात असेलच. त्याचं कलम २४ असं की अपिलाची किंवा नियमाने ठरलेली मुदत संपल्यावर अशा मुलाच्या प्रकरणातल्या नोंदी नष्ट करा, असा आदेश बाल न्याय मंडळाने द्यायचा. अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांचा. म्हणजे कचेरीतला कागदसुद्धा शिल्लक ठेवायचा नाही, असं सरकार म्हणतं. आणि तुम्ही तो शहरभर वाटता, वर ई-पेपरलाही ठेवता. कलम ७४ तर थेट तुमच्याचसाठी आहे. मुलाची ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचे वकील म्हणतील की ते चौकशीच्या नाहीतर खटल्याच्या बातम्यांपुरतं आहे, ही तर गाण्याच्या कार्यक्रमाची बातमी. म्हणोत बापडे. गॅरेजवर आलेल्या गिऱ्हाइकाला तो फरक कळला नाही.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, “काकू, लोकांना मुलं दिसली नाहीत तर हात खिशात जात नाही.” असेल तसं. पैसे लागतात हे मला मान्य आहे. कुटुंबात किंवा नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेत सरकार एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये देतं, त्यात काय भागतं ते घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. अठरा पूर्ण झाली की मुलाला बालगृह सोडावं लागतं, पुढे एकविसाव्या वर्षापर्यंतच्या अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे, प्रत्यक्षात जागा आणि पैसा शोधत संस्थाच फिरतात. तेव्हा कार्यक्रम जरूर करा. पण मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन होते, त्यात किती तरी संस्थांसाठी लोक धावतात आणि पैसे उभे करतात. तिथे कुणी पोराला आझाद मैदानात उभं करून ‘तू काय चोरलंस’ विचारत नाही. आपल्याकडेही दिवाळीत मुलांनी केलेले कंदील, उटणं, पणत्या हातोहात खपतात. घेणारा वस्तू बघतो, दहा रुपये कमी करता का विचारतो आणि जातो. याहून जास्त सन्मान त्या मुलांना नकोच असतो.

आणि मुलं दाखवायचीच, तर हिशोबही दाखवा. सभागृहाचं भाडं, वाद्यवृंदाचं मानधन, पाहुण्यांची सरबराई आणि मानचिन्हं वजा जाता संस्थेच्या हाती किती उरलं, हे तुमच्या बातमीत नाही. दाराएवढ्या चेकवरचा आकडा फोटोत नेमका एका पाहुण्याच्या कोपराखाली गेला आहे.

माझी मागणी साधी आहे. तो फोटो आणि नाव ई-पेपरवरून व संकेतस्थळावरून आजच्या आज काढावं. दुसरं, पाहुण्यांच्या आडनावासाठी जेवढी चौकट दिलीत तेवढीच दिलगिरीची चौकट द्यावी, त्यात मुलाचं नाव पुन्हा न घेता. तिसरं, तुमच्या कुणीतरी वरिष्ठाने गॅरेजमालकाला जाऊन भेटावं. माझं हे पत्र घेऊन नको, मोकळ्या हाताने आणि कॅमेऱ्याशिवाय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक
(नाव-पत्ता सोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे. तो छापू नये.)

ता. क. ‘आज शहरात’ या सदरात त्या कार्यक्रमाची वेळ तुम्ही पाचची छापली होती, तो सुरू झाला साडेसहाला. माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्या बऱ्याच जणी सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून होत्या. ही चूक या वर्षात पहिली नाही. मागे यावर पत्र पाठवलं होतं, त्यातला तुमच्या रविवार पुरवणीच्या कौतुकाचा परिच्छेद तेवढा छापून आला.