माझ्या वह्या वाचणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात प्रबंध जमा झाला. आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "मॅडमना सांगितलंस का?" तुम्हाला सांगितलं होतंच. पण जे खरं सांगायचं होतं ते तुमच्यासमोर उभं राहिल्यावर तोंडातून फुटेना. प्रबंधातल्या आभाराच्या पानावर ठरावीक वाक्यं लिहायची पद्धत आहे, 'अमूल्य मार्गदर्शन लाभले' वगैरे. त्यात हे मावत नाही. शिवाय चार लोकांनी वाचावं असं मला वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

पुणे विद्यापीठात तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका संशोधन केंद्रात पीएच.डी. करत होते. नाव घेत नाही. तिथल्या सरांना रसायनशास्त्र येत नव्हतं असं मी म्हणणार नाही, चांगलं येत होतं. पण त्यांनी माझी वही कधी उघडली नाही. शनिवारच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न, यील्ड किती, म्हणजे माल किती हाती आला? मी एका किटोनपासून सिलिल इनॉल इथर प्रकारचं एक सेंद्रिय संयुग बनवत होते. रिॲक्शन संपली की टीएलसीवर, म्हणजे सिलिकाचा थर दिलेल्या छोट्या प्लेटवर मिश्रणातले पदार्थ वेगळे करून बघतात त्या चाचणीत, एकच ठसठशीत स्पॉट दिसायचा. कॉलम केला, म्हणजे शुद्ध करायला सिलिका भरलेल्या नळीतून सोडला, की हाती यायचं ते सुरुवातीचंच किटोन आणि थोडा पिवळा चिकटा. दर वेळी हेच. सरांनी सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला, "हिला हात नाही." सिंथेसिस करणाऱ्या, म्हणजे प्रयोगशाळेत रेणू बनवणाऱ्या, माणसाला याहून लागेल असं दुसरं काही बोलता येत नाही. पुढे पुढे तर, "प्लेटवर माल दिसतो आणि बाटलीत येत नाही, मग वहीत काय लिहून ठेवतेस कोण जाणे," इथपर्यंत गेलं. वही समोरच टेबलावर होती. हात लांबवून उघडायची होती, एवढंच.

लॅबमधले सीनियर नंतर चहाच्या टपरीवर समजूत काढायचे, मीटिंगमध्ये मात्र कुणी बोललं नाही. त्यांचे स्वतःचे प्रबंध अडकले होते, त्यांच्यावर माझा राग नाही. सरांवर आहे, अजून आहे, आणि तो मी झाकून ठेवत नाही. विद्यार्थ्याला चूक दाखवणं वेगळं आणि न बघता खोटं ठरवणं वेगळं.

गाइड बदलण्यासाठी काय काय करावं लागतं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे.

तुमच्या केबिनमध्ये आले तेव्हा खांद्याला वह्यांची पिशवी होती. आधीची लॅब का सोडली याचं उत्तर मी पाठ करून आले होते. तुम्ही ते विचारलंच नाहीत. म्हणालात, "वह्या ठेवून जा, सोमवारी ये."

सोमवारी त्या परत मिळाल्या आणि मी तिथेच जिन्यात बसून चाळायला लागले. आमच्या प्रयोगवहीत प्रत्येक पानाच्या तळाशी दोन सह्यांची जागा असते, एक करणाऱ्याची, एक साक्षीदाराची. माझ्या सगळ्या वह्यांत दुसरी जागा पहिल्या पानापासून कोरी होती. आता तिथे तुमची सही होती. पानापानावर. शेजारी बारीक अक्षरात 'आज वाचले' आणि त्या शनिवार-रविवारची तारीख. फसलेल्या रिॲक्शनच्या पानांवरसुद्धा. जिथे मी टीएलसीचं चित्र पेन्सिलीनं काढलं होतं तिथे तुमची पेन्सिलीची बारीक खूण होती, म्हणजे चित्रंही पाहिली होतीत. मी नंतर भीत भीत विचारलं, मागची तारीख घातली असती तर कुणाला कळलं असतं? तुम्ही सहज म्हणालात, "अगं, तेव्हा मी नव्हते ना तिथे."

मॅडम, त्या वाक्यानं मला जे दिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ज्या वहीवर संशय घेतला गेला होता ती कुणीतरी इतक्या प्रामाणिकपणे वाचली होती की आपल्या सहीची तारीखसुद्धा इकडची तिकडे करायला तयार नव्हतं. मी खरं लिहिलं होतं, आणि ते खरं लिहिलेलं आहे असं पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी म्हटलं. तोंडाने नाही, सहीने.

एका पानाच्या समासात प्रश्न होता, 'कॉलमच्या आधी स्वच्छ, नंतर नाही. सिलिकावर तुटतंय?' त्याच दुपारी तुम्ही बेंचपाशी येऊन उभ्या राहिलात आणि चौकोनी प्लेट कापायला सांगितलीत. एका कोपऱ्यात स्पॉट लावला, प्लेट सॉल्व्हंटमध्ये उभी करून चालवली, वाळवली, तशीच थोडा वेळ ठेवली, मग काटकोनात फिरवून पुन्हा त्याच सॉल्व्हंटमध्ये. पदार्थ सिलिकावर टिकत असेल तर सगळे स्पॉट कर्णावर येतात. तुटत असेल तर काहीतरी कर्ण सोडून जातं. यूव्ही लॅम्पखाली धरली तर माझ्या रेणूच्या बरोबर खाली, कर्णाच्या बाहेर, किटोनचा डाग. सिलिका जेल किंचित आम्लधर्मी असतं आणि ते माझा इथर खात होतं. पुढचा कॉलम हेक्झेनमध्ये १ टक्का ट्रायइथाइलअमीन, म्हणजे आम्ल मारणारा बेस, घालून केला. रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर चाचणीसाठी नमुना ज्यात विरघळवतात त्या ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्येही आम्लाचा अंश असतो, म्हणून तेसुद्धा बेसिक ॲल्युमिनावरून गाळून घेतलं. फ्लास्कच्या तळाला माझ्या इथरचं रंगहीन तेल जमलं. मी तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही म्हणालात, "वजन कर आणि लिहून ठेव," आणि वर्गावर निघून गेलात.

युक्ती नवी नव्हती, सिंथेसिसवाल्या कितीतरी लोकांना ती माहीत असते. आधीच्या सरांनाही नक्की माहीत असणार. फक्त ती सुचायला आधी वही वाचावी लागत होती. एका वेळी किती पीएच.डी. विद्यार्थी घ्यायचे ते यूजीसीच्या नियमांत लिहिलेलं आहे, प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६, सहायकाला ४. त्या ८ जणांच्या वह्या वाचायच्या की नाही हे नियम सांगत नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

या काळात मला जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची आठवण फार यायची. १९३३ साली त्या मुंबईहून बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तेव्हा तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला आणि मग अटी घालून दिला. ही गोष्ट सगळे सांगतात, सांगायलाच हवी. पण तिथे त्यांना ज्यांनी प्रत्यक्ष शिकवलं, हाताखाली घेऊन काम दिलं, त्या श्रीनिवासय्यांचं नाव क्वचित ऐकू येतं. पुढे १९३९ मध्ये सोहोनींना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. नाकारणाऱ्याची गोष्ट होते आणि शिकवणारा मागे राहतो, हे मला पटत नाही. निदान माझ्या बाबतीत तसं होऊ नये.

आणि चांगुलपणा एकट्या तुमचाच नव्हता, हेही तुम्हाला आवडेल म्हणून लिहिते. माझा नमुना सकाळपर्यंत टिकणार नाही म्हटल्यावर एनएमआरच्या दादांनी घरी जायचं थांबून तो रात्रीच लावला होता. स्टोअरच्या काकांनी ॲल्युमिनाची शेवटची बाटली माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. मी कोण, कुठून आले, आधी काय झालं, कुणी विचारलं नाही. काम अडलंय म्हटल्यावर माणसं उठली. अशी माणसं असतात म्हणून लांबच्या गावांतल्या मुली इथे येऊन, वर्षानुवर्षं वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडसमोर उभ्या राहून, पीएच.डी. पुरी करू शकतात.

व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक तिसऱ्या प्रकरणावर थांबणार, शुद्धीकरणाची पद्धत कशी सापडली ते विचारणार. तेव्हा मी त्या समासातल्या प्रश्नाचं पान उघडून दाखवणार आहे, तुमच्या सहीतारखेसकट. तुम्हाला संकोच वाटेल आणि तुम्ही मला थांबवायला बघाल, म्हणून आधीच सांगून ठेवते. या एका बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही.

तुमची विद्यार्थिनी