30-3

अर्व्हिंग, टेक्सास

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

कॅम्डन यार्ड्स या बेसबॉलच्या मैदानाच्या फाटकापाशी काढलेला तुझा फोटो बघत बसले आणि इकडे दूध उतू गेलं. नोकरी लागून लागून नेमकी बाल्टिमोरलाच लागावी!

22 ऑगस्ट 2007, बुधवार. तुझी दुसरी सुरू व्हायची होती. फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर तू आपल्या टेक्सासच्या रेंजर्स टीमच्या प्रत्येक रनची एक रेघ मारायचास. टीम तळाला, त्यामुळे रेघा मोजक्याच. त्या दिवशीही तीन इनिंग झाल्या तेव्हा बाल्टिमोरची ओरिओल्स टीम 3-0 ने पुढे. "झालं नेहमीचं," म्हणत बाबा भाजी आणायला गेले.

चौथ्या इनिंगमध्ये पाच रन, सहाव्यात नऊ. बाबा परत आले तर फळा भरलेला आणि तू स्टुलावर चढून फ्रिजच्या दारावरच रेघा मारतोयस! तो मार्कर पक्का निघाला, हे मला रात्री घासताना कळलं. आठव्यात दहा, नवव्यात सहा. 30-3! मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यांत वरच्या बेसबॉल स्पर्धेत, 1897 नंतर कुणी एका मॅचमध्ये तीस रन केलेच नव्हते.

रेंजर्समधला तुझा लाडका खेळाडू सॉल्टालामाकिया. अटलांटाहून येऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. इंग्रजीत चौदा अक्षरांचं आडनाव, त्याच्या पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. शाळेत आपल्या आडनावापाशी बाई अडखळायच्या, तू खाली बघायचास. त्या दिवशी त्याने दोन होमरन मारले, सात रन आणले, आणि तू ते आडनाव न अडखळता घरभर ओरडत फिरलास. त्याच टीममधल्या व्हास्केझनेही तेवढंच केलं होतं, पण त्याचं कौतुक कुणाला!

मला मात्र रेंजर्सच्या शेवटच्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, गंमत वाटते. शेवटच्या तीन इनिंग टाकल्या म्हणून लिटलटनच्या नावावर 'सेव्ह' लागला. सत्तावीस रनांनी पुढे असताना मॅच वाचवली म्हणे! बाबांनी नियम दोनदा समजावला, मला अजून पटलेला नाही.

तेवढ्यात सांगलीहून आजोबांचा फोन. तिकडे पहाट. तू किंचाळलास, "आजोबा, आपले तीस झाले!" ते हळहळले, "तीसात ऑलआउट? अरेरे."

तिथे मॅचला जाशील तेव्हा रेंजर्सची टोपी खुशाल घाल, पण शेजारच्या म्हाताऱ्यापाशी त्या संध्याकाळचा विषय काढू नकोस. आणि डिंकाचे लाडू पाठवलेत, पोचले की कळव.

तुझी,
आई