रणदिव्यांच्या संघाचं कौतुक थोडं आवरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर विवेक रणदिवे यांच्यावरचा लेख वाचला. मुंबईत वाढलेला मुलगा अमेरिकेत जातो, सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि पैसा कमावतो आणि एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या संघाचा मुख्य मालक होतो, याचा अभिमान मलाही आहे. 2013 मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ सिएटलला जायच्या बेतात होता. रणदिव्यांच्या गटाने तो विकत घेतला म्हणून तो त्या गावात राहिला, हे श्रेय त्यांचंच. पण आपला लेख इथेच थांबला. त्यानंतर या संघाचं काय झालं, त्याबद्दल एक ओळ नाही. म्हणून हे पत्र.

मी माटुंग्याचा. तरुणपणी इंडियन जिमखान्याच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतले, पुढे कधी मोठा खेळाडू झालो नाही. किंग्जचं वेड मात्र जुनं आहे. सॅक्रामेंटोत संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा इथे सकाळचे साडेसात आणि त्यांच्या थंडीत साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे निम्मा सामना घरी, उरलेला लोकलमध्ये मोबाइलवर, आणि निकाल ऑफिसच्या जिन्यात. इतकी वर्षं बहुतेक वेळा तो निकाल काय लागला, हे सांगायला नको.

हरण्याबद्दल माझी तक्रार नाही. मुंबईचा माणूस क्रिकेटमध्ये जिंकायची सवय लावून घेतो आणि बाकी सगळ्या खेळांत हरायची. तक्रार आहे ती संघ बांधण्याच्या पद्धतीबद्दल. या संघात एखादी गोष्ट जमायला लागली की दीड-दोन वर्षांत ती कुणीतरी मोडून टाकतं. 2013 पासून किंग्जने आठ प्रशिक्षक पाहिले, त्यातले दोन हंगामी. एवढ्या वर्षांत माझ्या ऑफिसात साहेबसुद्धा इतके बदलले नाहीत. मायकल मलोन यांना डिसेंबर 2014 मध्ये काढलं. तेव्हा संघाच्या खात्यात 11 विजय आणि 13 पराभव होते, आणि मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स मेंदूज्वराने बाहेर बसला होता. त्याच मलोननी 2023 मध्ये डेन्व्हरला त्यांचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं.

2018 च्या ड्राफ्टबद्दल (म्हणजे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्याबद्दल) लिहायला हात धजत नाही. किंग्जचा क्रमांक दुसरा होता आणि युरोपातून आलेला लुका डॉन्चिच अजून उपलब्ध होता. संघाचा कारभार तेव्हा व्लादे दिवाचकडे होता. युरोपातलं बास्केटबॉल हा माणूस कोळून प्यायलेला. त्याने मार्विन बॅगलीला घेतलं. डॉन्चिच डॅलसला गेला आणि 2024 मध्ये त्यांना अंतिम फेरीत घेऊन गेला. (पुढे डॅलसवाल्यांनी त्यालाच दुसऱ्याला देऊन स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. तेवढंच आमचं समाधान.)

2019 च्या ऑक्टोबरमध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे दोन संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळायला आले. भारतात एनबीएच्या संघांचे ते पहिलेच सामने. दोन्ही किंग्ज हरले. पहिला जादा वेळेत एका गुणाने, दुसरा चांगला 24 गुणांनी. दुसऱ्या सामन्याला मी लेकीला घेऊन गेलो होतो. तिकिटाची किंमत बायकोला आजतागायत सांगितलेली नाही. लेकीने डिअ‍ॅरन फॉक्सच्या नावाची जर्सी घेतली. पेसर्सच्या बाजूला डोमांटास सबोनिस नावाचा एक दांडगा खेळाडू होता. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘असा एक आपल्याकडे पाहिजे होता.’

अडीच वर्षांनी तो खरोखरच आपल्याकडे आला. त्याच्या बदल्यात गेला टायरीस हॅलिबर्टन. 2020 च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर अलगद हाती लागलेला, डोकं शांत ठेवून दुसऱ्यांना खेळवणारा पॉइंट गार्ड. त्या दिवशी मी चिडलो होतो, पण प्रामाणिकपणे सांगतो, पुढच्या मोसमात माझं तोंड बंद झालं. सबोनिस आणि फॉक्सची जोडी जमली आणि प्रशिक्षक माइक ब्राऊन यांनी संघाला शिस्त लावली. 48 विजय मिळाले आणि 16 मोसमांनंतर संघ प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांमध्ये, पोचला. घरच्या मैदानाच्या छतावरून प्रत्येक विजयानंतर जांभळा झोत आकाशात सोडायचे, आणि इकडे माझी लेक टॉर्चवर जांभळा जिलेटीन कागद लावून गच्चीत जायची.

त्या प्ले-ऑफमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने सात सामन्यांच्या मालिकेतल्या शेवटच्या, सातव्या सामन्यात हरवलं. स्टीफन करीने एकट्याने 50 गुण केले. आपल्या लेखात यायला हवी होती ती गोष्ट इथेच आहे. किंग्ज घेण्याआधी रणदिवे याच वॉरियर्सचे भागीदार होते. करी, क्ले थॉम्पसन आणि ड्रेमंड ग्रीन हे तिघेही वॉरियर्सने ड्राफ्टमधून घेतले, तेही अनुक्रमे सातव्या, अकराव्या आणि पस्तिसाव्या क्रमांकावर. त्यांना वेळ दिला, चुका करू दिल्या, त्यांच्याभोवती बाकीचे जमवले. रणदिवे यांनी हे शेजारच्या घरातून नाही, त्याच घरात बसून पाहिलं होतं.

आणि त्यांच्या स्वतःच्या घरात काय झालं? 46 विजयांचा पुढचा मोसमही काही वाईट नव्हता. गरज होती ती उंच, बचाव करणाऱ्या खेळाडूंची. सबोनिस रीबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्यात, लीगमध्ये पहिला, पण बास्केटसमोर भिंत होऊन उभा राहणारा तो नाही, हे शाळेतल्या पोरालाही दिसत होतं. आणला कोण? पस्तिशीला टेकलेला डीमार डीरोझन. गुणी माणूस, गुण मिळवण्यात पटाईत, पण चेंडू हातात लागतो आणि बचावात मदत थोडी. डिसेंबर 2024 मध्ये 13 विजय आणि 18 पराभव झाल्याबरोबर ब्राऊन यांना काढलं. दीड वर्षापूर्वी हेच ब्राऊन एकमताने वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले होते. ज्या पद्धतीने त्यांना काढलं, त्यावर मलोननी जाहीरपणे तोंडसुख घेतलं. अनुभवाचे बोल. दीड महिन्याच्या आत फॉक्सही सॅन अँटोनियोला गेला आणि आला झॅक लॅव्हिन.

मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. डीरोझन आणि लॅव्हिन 2021 पासून तीन मोसम शिकागोत एकत्र होते. तिन्ही मोसमांत मिळून प्ले-ऑफ एकदाच, तीही पहिल्याच फेरीत गारद. शिकागोने जो प्रयोग करून, पाहून, मोडीत काढला, तोच आम्ही पुन्हा पैसे मोजून उभा केला. लॅव्हिनचा करार पाच वर्षांचा, 21.5 कोटी डॉलरचा. एनबीएत पगाराला मर्यादा असते आणि खेळाडूंच्या अदलाबदलीत पगाराचा मेळ घालावा लागतो. त्यामुळे असा एक करार गळ्यात पडला की पुढची दोन-तीन वर्षं हात बांधलेले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे. 2025 मध्ये डेनिस श्रोडर आला, मोसमाच्या तोंडावर छत्तिशीतला रसेल वेस्टब्रूकही आला. म्हणजे फॉक्स आणि हॅलिबर्टन घालवून आम्ही पुन्हा पॉइंट गार्ड शोधतोय.

आयपीएलच्या लिलावात पाच फलंदाज घेऊन गोलंदाजाला पैसे न उरलेला संघ आपल्या वाचकांनी पाहिलेला आहे. तिथे निदान तीन वर्षांनी सगळं पुन्हा मांडता येतं.

हॅलिबर्टनने 2025 मध्ये पेसर्सना अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत नेलं. त्या सामन्यात घोट्यामागची शीर तुटून तो पडला तेव्हा माझी लेक रडली. पाच वर्षांपूर्वी ज्याला सॅक्रामेंटोने निवडलं तो दुसऱ्याच्या जर्सीत पडला होता, आणि तरी तिला तो आपलाच वाटत होता.

रणदिवे मुंबईला येतात. पुढच्या वेळी आपल्या प्रतिनिधीने त्यांची मुलाखत घेतली, तर बालपण आणि जिद्द यांच्या आधी एवढंच विचारावं: 2023 च्या उन्हाळ्यात जो संघ हातात होता, त्यात नेमकं काय बिघडलं होतं? उत्तर आलं तर छापा. लेकीची फॉक्सची जर्सी आता तोकडी झाली आहे, नवीन घ्यायची आहे. पाठीवर कोणाचं नाव टाकायचं, ते ठरत नाही.

आपला,
एक वाचक, माटुंगा, मुंबई