दहावीच्या आठवणी फक्त नव्वद टक्क्यांच्याच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आपण यंदा, २०२५ मध्ये, दहावी पास झालेल्या मुलांच्या शाळेच्या आठवणींचं आख्खं पान छापलंत. सकाळी कंपनीच्या बसमध्ये वाचलं, घरी आल्यावर परत वाचलं, आणि रात्री झोप येईना म्हणून हे लिहायला बसलो. पान छान सजवलं होतं. मुलंही मनापासून बोलली आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. आमच्या गल्लीत कोणाच्या मुलाला पंचाण्णव टक्के पडले तर पहिला पेढा मी हक्काने मागून खातो. माझी तक्रार तुमच्याशी आहे, आणि ती वीस वर्षं हाच पेपर घेणारा वाचक म्हणून करतो आहे.

पानावर सहा मुलं. सहाही नव्वदच्या पुढची. कोरोनाच्या दोन वर्षांबद्दल सहाही जणांचं सांगणं जवळपास सारखंच: घरबसल्या तास, कॅमेरा बंद करून नाश्ता, मागे ग्रुपवर गप्पा, मजा आली. त्यावरून तुमच्या प्रतिनिधीने शेवटी लिहून टाकलं की या बॅचने 'घरूनच शाळा गाजवली'. कोणाच्या घरून, साहेब?

माझी मुलगीही याच बॅचची. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती पाचवीत होती. वार्षिक परीक्षा झालीच नाही. सहावीचं जवळजवळ सगळं वर्ष आणि सातवीचं निम्म्याच्या वर घरात गेलं. मधे जानेवारी २०२१ च्या अखेरीस पाचवी ते आठवीच्या शाळा उघडायला परवानगी मिळाली, नवा मास्क शिवून झाला, तोवर दुसरी लाट आली. त्या एप्रिलमध्ये आपल्या गावाने काय पाहिलं ते लिहीत नाही, २१ एप्रिलचा, रुग्णालयातल्या ऑक्सिजन गळतीचा दिवस कोणी नाशिककर विसरलेला नाही. पहिली ते आठवीची पोरं परीक्षेविना वर चढवली गेली आणि आमची पोरगी सातवीत गेली.

मी अंबडला एका कारखान्यात प्रेस शॉपला ऑपरेटर आहे. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. घरात मोबाइल एकच, तोही काच तडकलेला. त्या वर्षी तीन महिने पगार अर्धा आला, त्यामुळे दुसरा मोबाइल घ्यायचा विषयच नव्हता. कोणी म्हणेल, मग मोबाइल घरी ठेवून जायचं होतंत. कसा ठेवणार? गेटवर आरोग्य सेतू ॲप उघडून दाखवल्याशिवाय आत घेत नव्हते. पहिल्या पाळीला मी सव्वासहाला घर सोडायचो आणि चार वाजता परत यायचो. शाळेचा तास साडेदहाला. म्हणजे माझी दुसरी पाळी असली की पोरगी वर्गात, पहिली पाळी असली की पोरगी गैरहजर. पूर्ण सहावी तिने अशी केली. एक आठवडा शाळा, एक आठवडा नाही.

बाई संध्याकाळी फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकायच्या. त्या त्यांच्या परीने करत होत्या, त्यांच्या स्वतःच्या घरी दोन लहान मुलं होती. सह्याद्री वाहिनीवर रोज धडे लागायचे, ते तिने फारसे चुकवले नाहीत. पण टीव्हीला शंका विचारता येत नाही आणि फोटोला तर नाहीच नाही. सहावीच्या गणितात पूर्णांक संख्यांचा धडा आहे. तो नेमका माझ्या पहिल्या पाळीत आला. उणे तीन मोठी की उणे पाच मोठी, हे मी तिला चहा पिता पिता समजावलं, तेही चुकीचं समजावलं असेन, कारण मला ते शाळेत असताना पण नीट कधी आलं नव्हतं. पुढे तीन वर्षं ती उणे पाचलाच मोठं म्हणत होती.

आणि मग तो फोन आला. दिवाळीनंतरची गोष्ट. मी दुसऱ्या पाळीला होतो, जेवून निघायच्या बेतात. बाईंनी विचारलं, "तुमची मुलगी एक आठवडा दिसते, एक आठवडा गायब असते. मोबाइलवर गेम खेळते का?" मोबाइल स्पीकरवर होता. पोरगी समोर भाकरी कुस्करत बसली होती. मी काय बोलावं? पाळ्यांचं सांगायला हवं होतं, एका वाक्यात झालं असतं. पण एकच मोबाइल आहे हे तोंडातून निघेना. "बघतो, बाई" एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. त्या दिवशी ती काही बोलली नाही, ताटातलं तसंच ठेवून उठली. ते "बघतो, बाई" मला आजही टोचतं. पोरीवर नसलेला आळ मी मुकाट्याने कबूल करून आलो.

दुसऱ्या दिवसापासून तिने वहीत एक गोष्ट सुरू केली. मला ती दोन वर्षांनी कळली, रद्दी काढताना. दोनशे पानी लाँगबुक, गणिताची. ज्या आठवड्यात तास बुडाला त्या आठवड्याची पानं तिने कोरी सोडली आहेत. दर दिवसाला एक पान. वर तारीख, वार, पट्टीने आखलेला समास. आणि समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: 'बाबा फर्स्ट शिफ्ट'. पानामागून पान. सोमवार, बाबा फर्स्ट शिफ्ट. मंगळवार, बाबा फर्स्ट शिफ्ट. मग पुढच्या सोमवारी गणितं सुरू. शेजारच्या मुलीची वही आणून काही पानं तिने नंतर भरली आहेत, पेन वेगळं आहे त्यावरून कळतं. बरीच कोरीच राहिली. मी विचारलं, हे कशासाठी लिहिलंस? म्हणाली, "बाई वही तपासायला मागतील तेव्हा त्यांना कळेल, मी खेळत नव्हते."

वही तपासायला कोणी मागितलीच नाही. शाळा सुरू झाल्या तेव्हा सातवीचा अभ्यासक्रम उरकायचा होता, सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या वर्षीचं राहिलेलं भरून काढणं, झाला असं धरून चाललेलं. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस बंद, मग पुन्हा सुरू. सहावीची वही कोण बघणार?

नववीत गणिताच्या सरांच्या लक्षात आलं की ही मुलगी बीजगणितात चिन्हांपाशी अडकते. त्यांनी तिला ओरडून विचारलं नाही. शाळा सुटल्यावर जिन्यात बसवून रोज पंधरा मिनिटं, दिवाळीपर्यंत. जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने अंक लिहायचे, मधली पायरी शून्य, वर अधिक, खाली उणे, आणि पोरीला चढाय-उतरायला लावायचे. उणे पाचच्या पायरीवर उभं करून विचारलं, आता उणे तीन वर आहे की खाली? तीन वर्षं न सुटलेली गोष्ट त्या पायरीवर सुटली. दहावीला तिला गणितात ६४ पडले, एकूण ७१.२० टक्के. आमच्या घरात एवढे कोणालाच कधी पडले नव्हते. १३ मेला निकाल लागला तेव्हा तिच्या आईने आधी सरांना फोन लावायला लावला, मग मामाला.

आता सांगा, शाळेकडे मागे वळून बघताना हिला काही सांगण्यासारखं नाही का?

तिला सांगायचं होतं. दहावीच्या निरोप समारंभात बोलायला तिने नाव दिलं होतं. दीड पान लिहून पाठ केलं होतं, त्यात ती वही होती आणि जिनाही होता. आदल्या दिवशी कळलं की बोलणाऱ्या पाच जणांची यादी ठरली आहे, सराव परीक्षेतले पहिले पाच. शाळेचं नाव मी लिहीत नाही, त्याच शाळेत ते सरही आहेत आणि पोरीने तिथे दहा वर्षं काढली आहेत. बरं, तेही सोडून दिलं. पण गुणपत्रिका घ्यायला ती गेली त्या दिवशी तुमचे प्रतिनिधी शाळेत आले होते. ती व्हरांड्यात उभी होती. ऑफिसमधून यादी मिळाली, यादीतल्या दोघांना बोलावलं, फोटो काढले, पंधरा मिनिटांत गाडी गेली. व्हरांड्यात तेव्हा चाळीस मुलं होती. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, तुझी शाळा कशी गेली?

राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, साडेचौदा लाख मुलं पास झाली. त्यातल्या बहुतेकांचा फोटो कुठल्याच पेपरात येणार नाही, ते समजू शकतो. गुण ज्यांचे जास्त त्यांचा निकालाच्या दिवशी फोटो छापा, तो मान त्यांचाच आहे. पण आठवणी गुणांवर कशा ठरवता? आठवण काय टक्केवारीने कमी-जास्त होते?

आणि जे पासही झाले नाहीत, ते तर हिशेबातच नाहीत. पाचवीत हिच्या शेजारी बसणारी मुलगी, वडील सेंटरिंगच्या कामाला. मे २०२० मध्ये आग्रा रोडवरून माणसं चालत जात होती ती आपण सगळ्यांनी पाहिली, तुम्ही फोटोही छापलेत. त्याच दिवसांत ते कुटुंब गावाकडे गेलं. परत आलं नाही. शाळा सोडल्याचा दाखलाही न्यायला कोणी आलं नाही. सातवीत वर्ग भरला तेव्हा आमची पोरगी त्या बाकावर बरेच दिवस एकटी बसली, दुसरी कोणी येऊ लागली तर 'जागा धरली आहे' म्हणायची. ही मुलगीही याच बॅचची होती.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्याच पुरवणीत आठवणींच्या पानाच्या मागच्या बाजूला खासगी क्लासच्या जाहिराती आहेत. सहापैकी एका मुलाचा फोटो दोन वेगवेगळ्या क्लासच्या जाहिरातीत आहे, दोघेही म्हणतात हा आमचा विद्यार्थी. मुलगा सोळा वर्षांचा. जाहिरातीवर पेपर चालतो हे मला कळतं, पण पुढच्या पानावर 'माझ्या यशात शाळेचा वाटा' आणि मागच्या पानावर तोच चेहरा विकायला ठेवलेला, हे एका अंकात तरी नको होतं. जिन्यात बसून फुकट शिकवणाऱ्या सरांची जाहिरात कोण देणार?

परवा अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. यंदा सगळ्या राज्यालाच ऑनलाइन. ती आणि तिची आई कॅफेत जाऊन बसल्या, ओटीपी माझ्या मोबाइलवर. मी पहिल्या पाळीला, मोबाइल लॉकरमध्ये, आता मशीनवर मोबाइल नेता येत नाही. साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर चार ओटीपी येऊन मुदत संपून गेलेले. घरी आलो तर पोरगी म्हणाली, "काही नाही बाबा, उद्या तुमच्या सुट्टीच्या दिवशी भरू." तिला त्याची सवय आहे, आणि मला तिच्या त्या सवयीचंच वाईट वाटतं.

माझं मागणं छोटं आहे. पुढच्या वर्षी असं पान काढाल तेव्हा प्रतिनिधीला शाळेच्या ऑफिसात पाठवू नका, व्हरांड्यात पाठवा. आणि या वर्षीच्या बॅचबद्दल आणखी एक पान काढता आलं तर काढा. तिचं ते दीड पान मी या पत्रासोबत जोडलं आहे, तिला विचारूनच. छापायला जागा नसेल तर माझं पत्र गाळा आणि तिचं छापा.

गणिताची वही मात्र पाठवत नाही, ती एकच आहे. तुमच्या प्रतिनिधीला बघायची असेल तर घरी यावं. येत्या सोमवारपासून माझी दुसरी पाळी आहे, दोन वाजेपर्यंत मी घरीच असतो.

आपला,
एक पालक, सिडको, नाशिक