थरथर हातात, का बुडाखाली?

टायरवाले काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. बोर्डावरची अक्षरं उन्हाने उडाली आहेत, '…यर वर्क' एवढंच वाचता येतं. म्हणून माथ्यावर 'टायरवाले काका' लिहिलंय, राग मानू नका. तुमचा पोरगा मोबाइलवर दिसेल ते वाचत बसतो अशी तक्रार तुम्हीच केली होती, तेव्हा हेही तो वाचून दाखवेल. ओळख पटायला एक खूण सांगते: पुण्याहून कऱ्हाडला आईकडे निघालेली, पांढऱ्या गाडीची मास्तरीणबाई, जी तुमच्या दुकानात शिरल्या शिरल्या म्हणाली होती, "काका, अलाइनमेंट सोडून काहीही करा."

ते वाक्य उगाच तोंडातून गेलं नव्हतं. पावसाळ्याआधी चारही टायर नवे टाकले होते. पहिल्याच शनिवारी कात्रजचा बोगदा ओलांडला, खेड-शिवापूर गेलं, रस्ता मोकळा झाला आणि ८५ च्या पुढे स्टेअरिंग हातात गुरगुरायला लागलं. ९५ ला तर मनगटापर्यंत मुंग्या. एकदा ओव्हरटेक करताना काटा १०५ ला गेला तेव्हा ती थरथर जरा ओसरली, पुन्हा ९५ ला आले की हजर. शिरवळला चहाला थांबले तर कप धरताना हात कापत होता. आईने दारातच विचारलं, "बीपीची गोळी घेतलीस का?"

पुण्यातल्या ज्या दुकानातून टायर घेतले तिथे तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या खेपेला त्यांनी पुढची दोन्ही चाकं काढून बॅलन्सिंग केलं, म्हणजे चाक जिथे हलकं तिथे वजनाचे बारके तुकडे चिकटवले. मशीनच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना शून्य दिसलं, त्याचा फोटोसुद्धा मला काढू दिला. थरथर कमी झाली, पण गेली नाही. दुसऱ्या खेपेला अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. चाकांना आरसे लावले, हिरवे-लाल आकडे दाखवले, बाराशे रुपये घेतले. काडीचा फरक पडला नाही. तिसऱ्या खेपेला पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली, आणि स्टेअरिंग गपगार झालं! मी आनंदात निघाले आणि खंबाटकीच्या आधीच सीट खालून घुमायला लागली. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, नवीन टायर आहेत, हजार किलोमीटर चालले की बसतील. बाकी थोडा भास पण असतो." मीटर ९५ दाखवतोय, आरशातलं मागचं जग हलतंय आणि मला भास होतोय.

त्या रागात, पुढच्या फेरीला, तुमच्याकडे वळले. खरं तर हवा भरायला थांबले होते.

तुम्ही पान्याला हातही लावला नाहीत. टायरवर बसून तंबाखू मळत विचारलंत, "थरथर हातात येतीया, का बुडाखाली?"

मी म्हटलं, आधी हातात होती, आता बुडाखाली.

"आधी म्हंजी चाकं फिरवायच्या आधी?"

हो.

"मंग ती चाकाबरूबर गेली की मागं."

काका, मी गेली एकवीस वर्षं बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलतं ते बघा, हे दर जूनमध्ये फळ्यावर लिहिते. इथे माझ्याच गाडीवर तीन खेपांत तीन प्रयोग होऊन गेले होते, निष्कर्ष समोर पडला होता आणि मी फक्त चिडत होते. पुढची चाकं सदोष असतील तर स्टेअरिंग हलतं, मागची असतील तर सीट आणि तळ हलतो. चाक मागे गेलं तशी थरथर मागे गेली. म्हणजे दोष स्टेअरिंगच्या जोडण्यांत नाही, पुढच्या सस्पेन्शनमध्ये नाही, त्या चाकातच कुठेतरी आहे.

मग तुम्ही दुसरं विचारलंत, ते तर मला अजून आठवतं. "परत्येक टायमाला थरथर तेवढीच व्हती, का बदलायची?" मी सांगितलं, बॅलन्सिंगनंतर बदलली, अलाइनमेंटनंतर अजिबात नाही, चाकं फिरवल्यावर पुन्हा बदलली. तुम्ही तंबाखू थुंकलात आणि म्हणालात, "म्हंजी चाक काढलं का बदलती. न्हाय काढलं, न्हाय बदलत." अलाइनमेंटबद्दल तुमचा सविस्तर निकाल नंतर आला: ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो, पण गाडी नाचत नाही. माझ्या बाराशेचं दुःख तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त झालेलं दिसलं.

पोराला दुकानावर बसवून तुम्ही स्वतः मागच्या सीटवर बसलात आणि तळहात गाडीच्या तळाला लावलात. ९५ ला गेल्यावर क्लच दाबायला सांगितलंत. इंजिनाचा आवाज पडला, थरथर तशीच राहिली. इंजिन सुटलं. मग हलका ब्रेक. थरथर वाढली नाही, म्हणजे डिस्कही सुटली. पाच मिनिटांत निम्मी गाडी निर्दोष ठरली आणि अजून एकही नट सैल झाला नव्हता. परत येताना म्हणालात, "डावं मागलं." मी विचारलं, कशावरून? "हाताला कळतं." याच्यावर माझ्याकडे प्रश्न नव्हता.

जॅक लावून तुम्ही ते चाक हाताने फिरवलंत आणि रिमच्या कडेपाशी स्क्रूड्रायव्हर स्थिर धरलात. फट शेवटपर्यंत एकसारखी, म्हणजे रिम खड्ड्यात वाकलेली नाही. मग टायरच्या भिंतीवर, रिमला लागून जी बारीक गोल रेघ असते, ती दाखवलीत. टायर रिमवर नीट बसला नसेल तर ती रेघ कुठे आत जाते, कुठे बाहेर येते. आमची सगळीकडे सारखी होती. मी मध्येच त्या पिवळ्या ठिपक्याबद्दल विचारलं, तर तोही धडा मिळाला: ती टायरची हलकी बाजू, व्हॉल्वपाशी ठेवायची, कारण तिथे रिम जड. आमचा ठिपका व्हॉल्वच्या बरोबर समोरच्या बाजूला होता. "त्यानं काय वजन जास्ती लागंल, पर ही थरथर त्याची न्हाय," असं म्हणून तुम्ही विषय मिटवलात.

आणि मग चाक काढलंत, मधल्या भोकात बोट फिरवलंत आणि हसलात.

ही गाडी मी सेकंडहँड घेतली तेव्हाच तिला बाहेरून टाकलेले अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, होते. मला त्यांची चमक तेवढी दिसली होती. हे अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात आणि गाडीच्या ज्या गोलावर चाक बसतं त्या हबवर ते घट्ट बसावं म्हणून मध्ये एक बारकी रिंग घालतात, हे मला तुमच्या दुकानात कळलं. तुम्ही व्हर्निअर लावलात: हबचा गोल ५४.१ मिलिमीटर, रिमचं भोक ६७.१. बाकी तीन चाकांत काळी प्लॅस्टिकची रिंग होती. या एकात नव्हती. टायर बदलताना ती निसटून त्या दुकानातल्या कचऱ्यात गेली असणार. चाक नुसत्या चार नटांवर लटकत होतं, आणि नट आवळायच्या गनने खाड्कन आवळलं की ज्या बाजूला कललं असेल तिथेच पक्कं व्हायचं. दर वेळी वेगळं कलायचं, म्हणून दर वेळी थरथर वेगळी.

मी तरी हटून विचारलं, मग मशीन शून्य का दाखवत होती? तुम्ही बॅलन्सिंग मशीनचा शंकू उचलून त्याच भोकात घातलात. "ह्यो भोकाचं मधलं धरतो. गाडी न्हाय धरत." मशीन खोटं बोलत नव्हती. तिच्यावर चाक स्वतःच्या मध्यावर फिरत होतं, गाडीवर मात्र मध्य सोडून.

त्या रात्री आईच्या जेवणाच्या टेबलावर मी गणित मांडलं, कारण लाज वाटत होती. माझ्या टायरचा घेर दोन मीटरला जरा कमी. ९० च्या वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साधारण तेरा फेरे घेतं. टायरसकट चाक पंधरा किलोचं धरलं आणि ते मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकलं, तर रिमच्या कडेला चाळीसेक ग्रॅमचा तुकडा चुकीच्या जागी चिकटवल्यासारखं होतं. फिरणाऱ्या वस्तूच्या बाहेर ओढणाऱ्या जोराचं सूत्र, एम ओमेगा वर्ग आर, लावलं की उत्तर येतं पाच किलो वजनाएवढ्या जोराच्या आसपास. पाच किलोचा हिसका, सेकंदाला तेरा वेळा. आणि वेगाचा वर्ग असल्यामुळे ४५ ला तोच हिसका चौथाईवर येतो, म्हणून पुण्याच्या गर्दीत मला कधी काही जाणवलं नाही. १०५ ला ओसरायची त्याचंही कारण माझ्याच पुस्तकात आहे: झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकललं तरच तो चढतो, आणि गाडीची ती लय ९५ ला जुळत होती. हे सगळं मी शिकवते, काका. तुम्ही ते बोटाने बघितलंत.

उरलेलं काम तुम्ही कंटाळा न करता केलंत. हबवरचा गंज वायर ब्रशने खरवडलात, कारण तिथे पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं. बिस्किटाच्या डब्यातून रिंगा ओतल्यात. पहिली सैल, दुसरी जाईचना, तिसरी ॲल्युमिनियमची टक् करून बसली. तो आवाज छान होता. चाक हवेत असतानाच नट हाताने लावलेत, मग समोरासमोरचे, थोडे थोडे, लांब पान्याने. गन भिंतीला टांगलेलीच होती. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणालात, "ती घाईच्या लोकांची." आतल्या बाजूला जुन्या टायरच्या वेळचं एक वजन तसंच चिकटलेलं होतं, नवी वजनं त्याचीच भरपाई करत बसलेली. तेही सगळं काढून बॅलन्सिंग पहिल्यापासून केलंत.

पैसे तुम्ही व्यवस्थित घेतलेत: रिंगचे दीडशे, कामाचे तीनशे. हे मला फार बरं वाटलं. फुकट केलं असतंत तर उपकार झाले असते, आणि उपकाराची परतफेड करता येत नाही. नुसती हवा भरून मला वाटेला लावलं असतंत तरी मला काही कळलं नसतं. चार नवे टायर बदलून घ्या असं सांगितलं असतंत तर, खरं सांगते, त्या दिवशी मी तेही घेतले असते.

उंब्रजपर्यंत मी मुद्दाम ९५ वर राहिले. रेडिओ बंद ठेवून. डावा हात सीटच्या कडेला लावून बसले होते, तुमच्यासारखा. काही म्हणजे काही नाही. आईने दारात माझ्याकडे बघितलं आणि गोळीबद्दल विचारलं नाही.

पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला सांगितले होते. कऱ्हाडला, सकाळी गाडी गार असताना, तपासले. तीन जिथल्या तिथे होते, चौथा पाव फेऱ्याला जरा कमी आला. बाकीच्या तीन चाकांतल्या प्लॅस्टिकच्या रिंगांना चिरा गेल्या आहेत असं म्हणाला होतात. दिवाळीच्या सुट्टीत येते, तेव्हा त्याही बदलून टाकू, डब्यात ६७.१ ची तीन बाजूला काढून ठेवा. येताना आईच्या हातचे बेसनाचे लाडू आणते. ती विचारत होती, तो माणूस तंबाखू कधी सोडणार.

तुमची,
पांढऱ्या गाडीवाली मास्तरीणबाई