उद्यमनगरातील मिस्त्रीमामांना, न घेतलेल्या ऑर्डरबद्दल

आदरणीय मामांस,
सादर नमस्कार विनंती विशेष.

आपले नाव कुठेही छापायचे नाही, ही आपली अट मी पाळत आहे. परंतु आपण जे केले ते चार लोकांना कळावे असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

गेल्या दिवाळीनंतर मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आपल्या कारखान्यात आले, तेव्हा माझ्या पिशवीत जाळीत बसवलेला एक फुटबॉल, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या विणून केलेला दोर आणि खाली वजनासाठी लावलेली भंगारातली लोखंडी चकती, एवढेच होते. शिवाजी पेठेतील आमच्या बोळात दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते. तिथे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने चेंडू मारला की तो गटारात तरी जाई, नाहीतर कुणाच्या खिडकीवर तरी आदळे. ज्या पेठांत पाटाकडील, खंडोबा, दिलबहार आणि प्रॅक्टिस या संघांच्या सामन्यांवरून घराघरांत वाद रंगतात, तिथल्या पोरीला फुटबॉल खेळू नकोस असे सांगणे मला जमेना. पिशव्या शिवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे जाळी मीच शिवली. मारलेला चेंडू दोराच्या ताणाने पुन्हा पायाशी येतो, हे पाहून बोळातली मुले रांग लावू लागली आणि हे विकता येईल, असे माझ्या मनाने घेतले.

मी आपल्याकडे बिडाच्या शंभर चकत्या ओतून मागितल्या. आगाऊ रक्कम रुमालात बांधून आणली होती, आणि शाहू स्टेडियमबाहेर सामन्याच्या दिवशी टेबल मांडायचे, हेही ठरवून टाकले होते. आपण ते पैसे मोजलेसुद्धा नाहीत. दोर हातात घेऊन ताणलात आणि म्हणालात, "पोरी, ही कडी निसटली तर कुणाच्या डोळ्याला लागंल, ते आधी सांग."

त्या दिवशी मी नाराज होऊन घरी गेले, हे आज कबूल करते. दुसऱ्या दिवशी आपण मला बोलावून घेतलेत आणि दोर व्हाइसमध्ये धरून दाखवलात. दोर दुप्पट ताणला तर त्यात साठणारी ताकद दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट होते. म्हणून लहान मुलाने हळू मारल्यावर निरुपद्रवी वाटणारी वस्तू थोरल्या भावाने जोरात मारल्यावर धोक्याची ठरू शकते. त्यावरचा उपायही आपणच सुचवलात: रबराच्या आतून त्याच्या मानाने फारच कमी ताणणारी नायलॉनची पट्टी न्यायची, ती न ताणलेल्या रबरापेक्षा लांब ठेवायची, म्हणजे ताण मर्यादेबाहेर गेला की भार पट्टीवर येईल आणि रबर तुटले तरी काही उडणार नाही. ती लोखंडी कडी काढून तिथे दुहेरी शिलाईचा फास आला. ती शिलाई माझी आहे, आणि या वस्तूत मला सर्वांत जास्त अभिमान तिचाच वाटतो.

शंभर चकत्यांऐवजी आपण दहाच ओतल्यात. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, तेवढा मोठा करावा लागतो, हे आपण मला आकसपट्टी, म्हणजे ही वाढ धरूनच आखलेली मोजपट्टी, हातात देऊन समजावलेत. पॅटर्नची कडा गोल ठेवलीत आणि ओतून आलेल्या प्रत्येक चकतीवर स्वतः कानस फिरवलीत. ते दहा नग दहा घरांत महिनाभर राहिले आणि मी आपण दिलेल्या वहीत रोज टिपत गेले. शहाबादी फरशीवर चकती सरकते, म्हणून तळाला रबर लागले. अर्ध्या तासात दोराला पीळ बसतो, म्हणून फिरती कडी आली. मुले चकतीवर उभी राहतात आणि पळताना तिला ठेचकाळतात, हे तर मला घरात कधी दिसलेच नव्हते. त्यासाठी वरून जाड रबराचे आवरण करावे लागले. मी आधी ५ नंबरचा, म्हणजे ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा मोठ्यांचा चेंडू वापरत होते. नऊ वर्षांच्या पायाला तो जड आहे, हे वहीतील नोंदींवरूनच कळले, आणि आता आपण ४ नंबरचा चेंडू धरून सगळी मापे पुन्हा घेतली आहेत.

मामा, आपला एक प्रश्न मी विसरणार नाही. "हे खेळणं हाय का खेळाचं साहित्य?" मला तो शब्दांचा फरक वाटला होता. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत, आणि खऱ्या क्रीडासाहित्याला खेळण्यांचे मानक लागू होत नसले तरी त्याच्या खेळण्यातल्या प्रतिरूपाला ते लागू होते. बनवणाऱ्याचा हेतू काय आणि मुले ती वस्तू प्रत्यक्षात कशी वापरणार, यावर ते ठरते, हे आपण दोघांनी बसून वाचले. 'सराव साहित्य' असे छापून यातून सुटता येईल, असा सल्ला मला एका व्यापाऱ्याने दिला होता. वस्तू आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या हातात जाणार, तर तपासणी त्याच हिशेबाने व्हायला हवी, असे आपण म्हणालात आणि मला ते पटले. आयएसआय चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोकडे अर्ज करण्याची तयारी त्यामुळेच सुरू झाली.

स्टेडियमबाहेर टेबल मांडू दिले नाहीत, त्याचे कारण मला उशिरा उमगले. पेटंटच्या अर्जाआधी वस्तू लोकांना दाखवली तर तिचे नावीन्य संपते आणि पेटंटचा दावा अडचणीत येतो. दोरीला बांधलेला चेंडू ही कल्पना जुनी आहे, तिच्यावर कुणाचाच हक्क नाही, हेही आपण स्पष्ट सांगितलेत. आतली पट्टी आणि फिरती कडी यांच्या जुळणीपुरता प्राथमिक अर्ज मी केला आहे. पूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिन्यांची मुदत असते.

हिशेबाबद्दल थोडक्यात लिहिते. मी फक्त मालाचा खर्च धरला होता. आपण त्यात माझी मजुरी, खोका, वाहतूक, दुकानदाराचा वाटा आणि परत येणारे नग मांडायला लावलेत. किंमत जवळपास दुप्पट झाली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. पण त्या किमतीला माल विकला गेला, तरच माझ्याबरोबर शिवणाऱ्या दोन शेजारणींना दर नगामागे पैसे देता येतील.

आपण ऑर्डर घेतली असती, तर आपल्याला शंभर नगांचे पैसे मिळाले असते. त्याऐवजी आपण सहा महिने मला वेळ दिलात, भट्टी लागली की चार चकत्यांची जागा माझ्यासाठी ठेवलीत, आणि पैशाचा विषय काढला की "वही आण" एवढेच म्हणालात. वडील गेल्यापासून माझ्या कामात इतके लक्ष कुणी घातले नव्हते.

तपासणीसाठी द्यायच्या नगांची शिलाई काल संध्याकाळी पूर्ण झाली. येत्या सोमवारी ते घेऊन येते. पाठवण्याआधी प्रत्येक दोर आपल्या व्हाइसमध्ये एकदा ताणून पाहावा, ही विनंती. वही सोबत आणते. मुलगीही येणार आहे. चकती कशी ओततात, ते तिला पाहायचे आहे.

आपली नम्र,
शिवाजी पेठेतील भाची